सही कोणत्या नावाने? : उत्तर आयर्लंडमधील स्त्रिया, समेट आणि 'इतर'

होमरच्या 'इलियड'च्या चोविसाव्या सर्गात वृद्ध प्रायम आपल्या मुलाचे शव परत मागण्यासाठी शत्रूच्या तळावर जातो आणि ज्या हातांनी हेक्टरला मारले त्या अकिलीझच्या हातांचे चुंबन घेतो. पाश्चात्त्य साहित्यात समेटाचा विचार करताना या प्रसंगाची आठवण वारंवार केली गेली आहे. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केली. त्यानंतर काही दिवसांतच 'आयरिश टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झालेली, मायकेल लाँगली या बेलफास्टच्या कवीची 'सीझफायर' ही कविताही याच प्रसंगावर उभी आहे. मात्र समेटाचा दाखला म्हणून हा सर्ग वाचणारे त्यातील एक तपशील बहुधा ओलांडून जातात. प्रायम निघण्यापूर्वी हेक्टरची आई हेक्यूबा त्याला अडवते. तिला समेट नको आहे. मुलाला मारणाऱ्याचे यकृत दातांनी फाडून खावे, असे तिला वाटते. शत्रूकडे जातो तो बाप. आई मागे राहते.

महाभारताच्या स्त्रीपर्वातील गांधारीचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने ती रणभूमी पाहते, आणि पाहते ती दोन्ही पक्षांची. स्वतःच्या मुलांच्या शवांबरोबरच निहत अभिमन्यू आणि त्याच्यापाशी आक्रंदणारी उत्तरा तिला दिसते. ती ते कृष्णाला दाखवते. दुःखाला पक्ष नसतो ही जाणीव इतक्या निःसंदिग्धपणे फार थोड्या प्राचीन संहितांत व्यक्त झाली असेल. पण या जाणिवेतून समेट निष्पन्न होत नाही. निष्पन्न होतो तो शाप. छत्तीसाव्या वर्षी यादवकुल नष्ट होईल असे गांधारी कृष्णाला सांगते, आणि तसे होते. सामायिक शोकाची परिणती पुढच्या संहारात होते.

स्त्री ही स्वभावतःच शांततेची पक्षपाती असते, मातृत्व हे तिच्या शांतिकार्याचे नैसर्गिक अधिष्ठान होय, हे गृहीतक आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या १३२५ क्रमांकाच्या ठरावानंतर 'स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा' हा शब्दसमुच्चय प्रशासकीय भाषेत रूढ झाला, आणि स्त्री ही शांतताप्रक्रियेतील एक उपयुक्त सामग्री असल्यासारखी त्या भाषेत वावरू लागली. हेक्यूबा आणि गांधारी या गृहीतकाला छेद देतात. शोक स्त्रीला शांततेकडे नेईलच असे नाही. दुसऱ्या पक्षाचा शोक दिसला तरी नेईलच असे नाही. मग विभागलेल्या समाजात स्त्रिया जेव्हा समेटाची भाषा बोलतात, तेव्हा त्या भाषेला नैतिक अधिकार कोठून येतो?

मराठीत या संदर्भात दोन शब्द उपलब्ध आहेत आणि ते समानार्थी नाहीत. सलोखा ही भावस्थिती आहे. ती नांदते, राखली जाते, बिघडते. समेट ही क्रिया आहे. तो करावा लागतो, त्याला अटी असतात, आणि समेट करणारे पक्ष समेटानंतरही पक्षच राहतात. उत्तर आयर्लंडमधील स्त्रियांच्या दोन प्रयत्नांमधले, म्हणजे १९७६ची 'पीस पीपल' ही चळवळ आणि १९९६ साली स्थापन झालेली 'नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन' यांमधले अंतर या दोन शब्दांतल्या अंतरासारखे आहे.

संघर्षाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९२१ साली आयर्लंडची फाळणी होऊन ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील प्रॉटेस्टंट बहुसंख्य मुख्यतः ब्रिटनशी असलेले ऐक्य टिकवू पाहणारे, म्हणजे युनियनवादी. कॅथलिक अल्पसंख्य मुख्यतः अखंड आयर्लंडची आकांक्षा बाळगणारे, म्हणजे राष्ट्रवादी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत चाललेल्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. या हिंसेला दोन नव्हे तर तीन हात होते: रिपब्लिकन सशस्त्र संघटना, प्रॉटेस्टंटांच्या 'लॉयलिस्ट' सशस्त्र संघटना आणि ब्रिटिश राज्यसंस्थेचे सैन्य व पोलीस. तिसऱ्या हाताचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

या भूमीवर शांततेची मागणी करणारी स्त्री अवतरण्यापूर्वीच रक्ताची मागणी करणारी स्त्री अवतरलेली होती. येट्सने लेडी ग्रेगरीच्या सहकार्याने लिहिलेले 'कॅथलीन नी हूलिहान' हे छोटे नाटक १९०२ साली डब्लिनमध्ये रंगभूमीवर आले. १७९८च्या उठावाच्या वेळी, लग्नाच्या आदल्या दिवशी, एका शेतकऱ्याच्या घरात एक परकी म्हातारी येते. तिच्या घरात परके शिरले आहेत, तिची शेते हिरावली गेली आहेत. तिचे गाऱ्हाणे ऐकून नवरदेव लग्न, वाग्दत्त वधू, आई सारे मागे टाकून निघून जातो; आणि दूर जाणारी म्हातारी पाहणाऱ्याला तरुणी दिसते. ती म्हातारी म्हणजे आयर्लंड. तरुणांच्या मरणाने तिला तारुण्य लाभते हे या रूपकातले भीषण तर्कशास्त्र. देशाला आई मानणाऱ्या कोणत्याही वाङ्मयाच्या, अर्थात भारतीय वाङ्मयाच्याही, वाचकाला ते अपरिचित वाटू नये. त्या नाटकातील खरीखुरी आई, म्हणजे नवरदेवाची आई, दारात उभी राहते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. ईव्हन बोलँड या कवयित्रीने 'अ काइंड ऑफ स्कार' या १९८९च्या निबंधात नेमके यावर बोट ठेवले. आयरिश काव्यपरंपरेने स्त्रीला राष्ट्राचे चिन्ह केले आणि त्या चिन्हात प्रत्यक्ष स्त्रियांचा भूतकाळ रिकामा करून टाकला, हा तिचा आक्षेप होता.

या चिन्हाला उत्तर म्हणून दुसरी आई उभी करण्याचा मोह साहजिक होता. शॉन ओकेसीच्या 'जुनो अँड द पेकॉक' (१९२४) या नाटकाचे सामान्यतः असेच वाचन होते. आयरिश यादवी युद्धाच्या काळात, १९२२ साली, डब्लिनच्या एका दाटीच्या इमारतीत घडणारे हे नाटक. शेजारच्या मिसेस टँक्रेडचा रिपब्लिकन मुलगा मारला गेला आहे. अंत्ययात्रेला निघताना ती देवाची करुणा भाकते, आणि बोलता बोलता तिला त्याच युद्धात, आपल्या मुलाच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या विरुद्ध बाजूच्या सैनिकाची आई आठवते. त्या वेळी जुनो बॉयलच्या घरात गाणीबजावणी चालू आहे. तिसऱ्या अंकात जुनोचाच मुलगा जॉनी मारला जातो, तो त्या टँक्रेडला पकडून दिल्याबद्दल; आणि जुनो तीच प्रार्थना जवळजवळ शब्दशः उच्चारते.

एकच प्रार्थना दोन मुखांत येते म्हणून मातृदुःखाची एकरूपता सिद्ध होते, असा निष्कर्ष काढला जातो. पण प्रार्थनेपूर्वी जुनो जे म्हणते ते अधिक महत्त्वाचे आहे. मिसेस टँक्रेडच्या दुःखाच्या वेळी आपल्याला पुरेसे दुःख झाले नाही, कारण तिचा मुलगा आपल्याला केवळ एका कट्टर पक्षाचा माणूस वाटला, अशी कबुली ती देते. म्हणजे आई असणे जुनोला पुरले नव्हते. ती तेव्हाही आईच होती. मातृत्व असूनही नाव आड आले, पक्षाचे लेबल आड आले, आणि ते दूर होण्यासाठी तिला स्वतःचा मुलगा गमवावा लागला. ओकेसीने मातृत्वाचा गौरव केला असे म्हणण्यापेक्षा मातृत्वाच्या अपुरेपणाचे नाटक लिहिले असे म्हणणे संहितेला धरून होईल. जुनोची प्रार्थना खरी आहे. ती उशिरा आलेली आहे, हेही तितकेच खरे आहे.

१० ऑगस्ट १९७६ रोजी पश्चिम बेलफास्टच्या रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांनी पाठलाग करून आय.आर.ए.च्या एका तरुणावर गोळ्या झाडल्या. चालक ठार झाला, त्याची मोटार पदपथावर चढली आणि मुलांना घेऊन चाललेल्या एका आईला तिने धडक दिली. तीन मुले दगावली. सर्वांत धाकटे सहा आठवड्यांचे होते. या आईची बहीण मरेड कॉरिगन, अपघातानंतरचे दृश्य पाहिलेली बेटी विल्यम्स आणि पत्रकार किअरन मॅक्युअन यांच्या पुढाकाराने 'पीस पीपल' उभी राहिली. काही आठवड्यांत हजारो स्त्रिया, आणि त्यांच्याबरोबर पुरुषही, रस्त्यावर आले. प्रॉटेस्टंटांच्या शँकिल रोडवर कॅथलिक स्त्रियांचे स्वागत झाले. ज्यांनी एकमेकींचे रस्ते कधी पाहिले नव्हते अशा बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हे भावनावश होते म्हणून क्षुद्र लेखणे अन्यायाचे ठरेल. त्या शहरात तो रस्ता ओलांडणे हीच धाडसाची कृती होती. १९७६चे नोबेल शांतता पारितोषिक १९७७ साली कॉरिगन आणि विल्यम्स यांना देण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत नेतृत्व दुभंगले आणि चळवळ ओसरली. ती आई १९८० साली आत्महत्या करून गेली.

चळवळीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना पारितोषिकाच्या रकमेवरून झालेले वाद पुढे केले जातात. ते गौण आहेत. खरा पेच पहिल्याच दिवशी, त्या घटनेच्या वाक्यरचनेत, निर्माण झाला होता. मुलांना कोणी मारले? मोटारीने, म्हणजे ती पळवणाऱ्या सशस्त्र संघटनेने, हे एक वाक्य. गोळीने, म्हणजे भर वस्तीत ती झाडणाऱ्या सैन्याने, हे दुसरे. शोक एकच, पण त्या शोकाच्या वाक्याला कर्ते दोन, आणि प्रत्येक वस्ती आपापला कर्ता निवडून बसलेली. 'पीस पीपल'ने हिंसेचा निषेध केला तो कर्ता शक्य तितका मागे ठेवून. मराठी व्याकरणातील भावे प्रयोगाचे रूपक येथे वापरता येईल: क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशीही जुळत नाही, क्रिया तेवढी उरते, नपुंसकलिंगी एकवचनात. ही भाषा सर्वांना उच्चारता येते हे तिचे सामर्थ्य, आणि तिच्यात जबाबदारी सांगता येत नाही ही तिची मर्यादा. सशस्त्र संघटनांच्या निषेधात चळवळ जितकी स्पष्ट होती तितकी राज्यसंस्थेच्या हिंसेविषयी नव्हती, असा आरोप कॅथलिक वस्त्यांतून लवकरच होऊ लागला. सर्वस्वी निराधार म्हणून तो फेटाळता येणार नाही.

हॅना अरेंटने 'द ह्यूमन कंडिशन' (१९५८) या ग्रंथात मानवी कृतीच्या दोन दुर्बलतांवर दोन उपाय सांगितले आहेत. केलेले मागे घेता येत नाही, त्यावर उपाय क्षमा. पुढचे सांगता येत नाही, त्यावर उपाय वचन. शोकातून उभ्या राहिलेल्या चळवळीला क्षमेची वाट जवळची वाटते. पण क्षमा ज्याचे नुकसान झाले त्यानेच, ज्याने केले त्याला करावयाची असते. शेजारणीच्या मुलाच्या मारेकऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाही स्त्रीला, केवळ ती स्त्री आहे म्हणून, प्राप्त होत नाही. वचनाचे तसे नाही. वचन देण्यासाठी भूतकाळाविषयी एकमत लागत नाही. उद्या काय करू आणि काय करणार नाही एवढ्यावर ते उभे राहते. सलोख्याला क्षमा हवी असते. समेटाला वचन पुरते.

बेलफास्टच्या वस्त्यांमधील स्त्रीकेंद्रांनी हे कोणताही सिद्धान्त न मांडता ओळखले होते. १९९०च्या सुमारास नगरपरिषदेने कॅथलिक फॉल्स रोडवरील स्त्रीकेंद्राचे अनुदान बंद केले, तेव्हा शँकिलच्या प्रॉटेस्टंट केंद्राने त्याची बाजू घेतली आणि त्यातून या केंद्रांचे संयुक्त जाळे उभे राहिले. येथे कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. पैशाचा प्रश्न होता, पाळणाघरांचा आणि कल्याणभत्त्यांचा प्रश्न होता. सिंथिया कॉकबर्नने 'द स्पेस बिटवीन अस' (१९९८) या पुस्तकात बेलफास्ट, इस्रायल आणि बॉस्निया येथील अशा गटांचा अभ्यास केला. तिला आढळले ते असे, की हे गट मैत्रीवर टिकत नाहीत. कोणते विषय कधी काढावयाचे याच्या काळजीपूर्वक पाळलेल्या शिस्तीवर टिकतात. नीरा युव्हल-डेव्हिस हिने इटालियन स्त्रीवाद्यांकडून घेतलेली एक संकल्पना येथे उपयोगी पडते: संवादात उतरणारीने आपल्या मुळांवर उभे राहावे आणि तेथून सरकून दुसरीच्या जागेवरून पाहावे, मात्र मुळे सोडू नयेत. व्हर्जिनिया वुल्फने 'थ्री गिनीज' (१९३८) मध्ये स्त्रीला राष्ट्राबाहेरची म्हणून कल्पिले होते. ती भूमिका तात्त्विक दृष्ट्या आकर्षक आहे, पण शँकिलच्या बाईला ती परवडणारी नव्हती. तिला देश नव्हता असे नाही. तिच्या दारात, भिंतीवर रंगवलेला देश होता.

एप्रिल १९९६ मध्ये मोनिका मॅकविल्यम्स ही कॅथलिक अध्यापिका आणि पर्ल सेगर ही प्रॉटेस्टंट समाजसेविका यांच्या पुढाकाराने 'विमेन्स कोअलिशन' स्थापन झाली, ती सहा-एक आठवड्यांवर आलेली निवडणूक लढवण्यासाठी. शांतता-वाटाघाटींना कोणते पक्ष बसणार हे ३० मे १९९६च्या त्या निवडणुकीवर ठरणार होते, आणि सर्वाधिक मते मिळवणाऱ्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा अधिक मिळण्याची तरतूद होती. कोअलिशनला एक टक्क्याच्या आसपास मते पडली. तेवढ्यावर दोन जागा मिळाल्या. निर्वाचित मंचावर त्यांचे स्वागत कसे झाले हे सर्वश्रुत आहे: या बायका बोलायला उठल्या की समोरच्या बाकांवरून गाईसारखे हंबरण्याचे आवाज निघत. ज्या भूमीच्या कवींनी स्त्रीला राष्ट्राचे मूर्तरूप म्हणून मखरात बसवले होते, त्या भूमीच्या सभागृहात स्त्री प्रत्यक्ष बोलू लागताच हे घडावे, यात बोलँडच्या आक्षेपाचे विदारक प्रमाण मिळते.

कोअलिशनची रचना लक्षात घेण्याजोगी होती. वाटाघाटींच्या टेबलाशी एक बाजू राष्ट्रवादी आणि एक युनियनवादी पार्श्वभूमीची असावी असा त्यांचा कटाक्ष असे. आपण पार्श्वभूमीपासून मुक्त आहोत असा दावा त्यांनी केला नाही. जो भेद बाहेर होता तो त्यांनी पक्षाच्या आत आणून ठेवला. समावेशकता, समता आणि मानवी हक्क या तीन तत्त्वांवर सहमती, आणि आयर्लंड एक व्हावे की ब्रिटनशी राहावे या मूळ प्रश्नावर मात्र मौन. हे मौन पळवाटेचे होते अशी टीका झाली. ती अर्धीच खरी आहे. मूळ प्रश्नावर भूमिका घेतली असती तर पक्ष दुसऱ्याच दिवशी फुटला असता, हे उघड आहे. पण ज्या प्रश्नासाठी माणसे मरत होती तोच प्रश्न बाजूला ठेवणारा पक्ष त्या मरणाऱ्यांच्या गांभीर्याला न्याय देतो काय, हा प्रश्नही उघड आहे, आणि कोअलिशनकडे त्याचे पुरते उत्तर नव्हते. १० एप्रिल १९९८च्या बेलफास्ट करारात हिंसाचाराच्या बळींविषयीची, एकत्र शिक्षणाची, मिश्र वस्तीची आणि 'सिव्हिक फोरम' या नागरी सभेची जी कलमे आली त्यांत कोअलिशनचा वाटा होता. सिन फेनसारख्या, सशस्त्र संघटनांशी जोडलेल्या पक्षांना टेबलाबाहेर ठेवून समेट होत नाही, हा त्यांचा आग्रहही काळाने योग्य ठरवला. २२ मे १९९८च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी करार स्वीकारला आणि जूनमध्ये नव्या विधानसभेत मोनिका मॅकविल्यम्स व जेन मॉरिस या दोघी निवडून आल्या.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. नैतिक पेच यानंतर उद्भवतो, आणि तो कराराच्या पोटातूनच उद्भवतो.

नव्या विधानसभेत प्रत्येक सदस्याने नोंदवहीत सही करताना आपली ओळख लिहावयाची होती: युनियनवादी, राष्ट्रवादी किंवा इतर. महत्त्वाच्या निर्णयांना केवळ बहुमत पुरणार नव्हते. युनियनवादी आणि राष्ट्रवादी या दोन्ही गटांचा स्वतंत्र कौल लागणार होता. हेतू उदात्त होता. १९२१ नंतरच्या अर्धशतकात एका समूहाच्या बहुमताने दुसऱ्यावर राज्य केले, ते पुन्हा होऊ नये. पण परिणाम असा, की ज्यांनी 'इतर' लिहिले त्यांचे मत अशा वेळी एकूण बेरजेत मोजले जाई, निर्णायक गटांत नाही. संरचनावादी विश्लेषणात द्वंद्वी विरोधाबाहेरचे तिसरे पद कसे अर्थशून्य होते याचे विवेचन नेहमी केले जाते. येथे ते एका कायद्याच्या कलमात अक्षरशः घडलेले दिसते. संघर्ष संपवणाऱ्या करारानेच संघर्षाची दोन नावे राज्यव्यवस्थेच्या व्याकरणात कायम केली, आणि जे त्या नावांच्या पलीकडून बोलत होते त्यांचे क्रियापद हिरावून घेतले.

नोव्हेंबर २००१ मध्ये ही संस्था कोसळण्याच्या बेतात आली. डेव्हिड ट्रिंबल यांची प्रथम मंत्री म्हणून फेरनिवड व्हावयाची होती आणि त्यांच्याच पक्षातील फुटीमुळे युनियनवादी गटातले बहुमत हुकत होते. तेव्हा कोअलिशनच्या दोघींनी आपली नोंद बदलली. एकीने 'युनियनवादी' म्हणून, दुसरीने 'राष्ट्रवादी' म्हणून. २ नोव्हेंबरच्या मतदानात तरीही युनियनवादी गटातले बहुमत अगदी थोडक्यात हुकले. चार दिवसांनी 'अलायन्स' या दुसऱ्या मधल्या पक्षाच्या तीन सदस्यांनी युनियनवादी म्हणून नोंद केली आणि निवड पार पडली.

या सहीचे नैतिक मूल्यमापन कसे करावे? ती असत्य होती काय? कांटने १७९७च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात परोपकारासाठीही असत्य बोलण्याचा अधिकार नाकारला आहे; त्या कसोटीवर प्रश्नच उरत नाही. महाभारत अधिक अडचणीचे मार्ग दाखवते. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सत्यवचनाचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने लपलेल्या माणसांची जागा दरोडेखोरांना खरी सांगितली आणि तो नरकात गेला. जीव वाचवणारे असत्य तेथे सत्याहून श्रेष्ठ ठरते. पण त्याच महाभारतात द्रोणाला ऐकवलेल्या अर्धसत्यानंतर युधिष्ठिराचा रथ, जो भूमीपासून वर तरंगत असे, जमिनीला टेकतो. कोअलिशनची सही कौशिकाच्या कथेच्या बाजूची की अश्वत्थाम्याच्या?

ऑस्टिनच्या भाषाविचाराचा आधार घेऊन असे म्हणता येईल, की सही हे वर्णन नव्हेच. ती भाषिक कृती आहे, आणि कृती खरी किंवा खोटी नसते, सफल किंवा विफल असते. हा युक्तिवाद चतुर आहे, पण पुरेसा नाही. नोंदवहीचा सारा अर्थ या गृहीतावर उभा आहे, की युनियनवादी म्हणून सही करणारा माणूस युनियनवादी समूहाचा कौल वाहतो. कोणीही, गरजेपुरता, कोणतेही नाव लिहू लागला तर त्या समूहाच्या संमतीची हमीच निरर्थक होते. कराराला विरोध करणारे युनियनवादी या फेरनोंदीवर चिडले तेव्हा त्यांच्या रागात केवळ आडमुठेपणा नव्हता. त्यांची संमती त्यांच्याशिवाय मोजली जात होती. दुर्बळांना दिलेली हमी आज आपल्या सोयीसाठी वाकवली, तर उद्या ती दुसऱ्याच्या सोयीसाठी वाकवली जाईल, हा आक्षेप गंभीर आहे.

तथापि या प्रसंगातील एक तपशील या आक्षेपाच्या कक्षेबाहेर राहतो. राष्ट्रवादी गटाचा कौल ट्रिंबल यांच्या बाजूने निश्चित होता. त्या गटात एका मताची भर पडल्याने काहीही साधणार नव्हते. गणिताला हवी होती ती फक्त युनियनवादी सही. दोघींनीही युनियनवादी म्हणून नोंद केली असती तर गणिताचा दुप्पट फायदा झाला असता. तरीही एकीने राष्ट्रवादी म्हणून सही केली. ही दुसरी सही उपयुक्ततेच्या दृष्टीने निरर्थक आहे, आणि म्हणूनच नैतिक दृष्ट्या तीच अर्थपूर्ण आहे. तिच्यामुळे पहिली सही डावपेच राहत नाही. युधिष्ठिराचे अर्धसत्य एकाच पक्षाच्या लाभाचे होते. येथे दोघींनी आपले खरे नाव, म्हणजे 'इतर' हे नाव, सोडण्याची किंमत सारखी वाटून घेतली. जे नाव जन्माने लादले होते आणि जे राजकारणाने त्यांनी नाकारले होते, ते त्यांनी पुन्हा धारण केले ते एकत्र, एकमेकींच्या विरुद्ध बाजूला उभे राहून.

असत्याचा आरोप यामुळे सर्वस्वी गळून पडतो असे नाही. नोंदवहीपुरते ते असत्यच होते. पण 'इतर' या पदाविषयी त्या कृतीतून जे सांगितले गेले ते सैद्धान्तिक चर्चेत क्वचित सांगितले जाते. 'इतर' म्हणजे दोन्ही नावांपासून अलिप्त अशी शुद्ध जागा, असे मानले तर ती जागा राखणे हाच नैतिकतेचा विषय होतो आणि संस्था कोसळली तरी हात स्वच्छ राहतात. वुल्फची बाहेरची स्त्री अशी सही करणार नाही. या दोघींनी केली. त्यांच्या लेखी 'इतर' ही जागा नव्हती, तर दोन्ही नावांविषयी पत्करलेली जबाबदारी होती, आणि ती पार पाडताना शुद्धता राखता आली नाही. शँकिलच्या केंद्राने फॉल्सच्या केंद्राची बाजू घेतली तेव्हाही ते शँकिलचेच राहिले होते. जुनोला दुसऱ्या आईचे दुःख कळले ते स्वतःचे घर उद्ध्वस्त झाल्यावर. येथे घर उद्ध्वस्त होण्यापूर्वी, केवळ विवेकाने, दुसरीच्या नावाचा भार उचलला गेला. त्यात शोक नव्हता. तो एक वेळापत्रकातला कामकाजाचा दिवस होता.

मतदारांनी याची कदर केली नाही. नोव्हेंबर २००३च्या निवडणुकीत दोन्ही समूहांतले अधिक कडवे पक्ष पुढे आले आणि कोअलिशनच्या दोन्ही जागा गेल्या. सिव्हिक फोरम २००२ मध्ये विधानसभेबरोबर स्थगित झाला, तो पुन्हा भरला नाही. एकत्र शाळांत जाणारी मुले आजही दहांत एकाहून कमी आहेत, आणि वस्त्यांमधल्या अनेक भिंती उभ्याच आहेत. २००६च्या मे महिन्यात पक्ष विसर्जित करण्यात आला. त्याच वर्षी सेंट अँड्र्यूज कराराच्या कायद्यान्वये विधानसभेच्या नोंदवहीचा नियम बदलला: सदस्याने एकदा लिहिलेली ओळख, त्याने पक्ष बदलला असेल तरच, त्या कार्यकाळात बदलता येईल. रकाने तीनच राहिले.